गोव्यात बसून गेम बनवायचा आणि जगाला विकायचा: हिशेबापासून रिलीजपर्यंत

२०२४ या एका वर्षात स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले. म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'बलाट्रो' आला. एकट्या माणसाने बनवलेला हा पत्त्यांचा गेम वर्षभरात पन्नास लाख प्रतींपर्यंत गेला. पहिली बातमी ऐकून घरचे म्हणतात, सोड हा नाद. दुसरी ऐकून पोरं नोकरी सोडतात. दोघांनीही अर्धीच बातमी ऐकलेली असते.

मोठ्या कंपन्यांचं काय चाललंय हे आधी थोडक्यात, कारण त्याचा थेट परिणाम तुमच्यावर होतो. कोविडच्या काळात लोक घरी बसून खेळत होते, व्याजदर खाली होते, पैसा सहज मिळत होता. कंपन्यांनी भरमसाठ भरती केली, एकमेकींना विकत घेतलं. मग लोक घराबाहेर पडले, व्याजदर चढले आणि गणित बिघडलं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड सुमारे ६९ अब्ज डॉलरना घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातल्या १,९०० जणांना घरी पाठवलं. अशा कपाती जगभर झाल्या. छोट्या डेव्हलपरसाठी याचे दोन अर्थ. पब्लिशर, म्हणजे पैसा लावून गेम बाजारात आणणाऱ्या कंपन्या, पूर्वीसारखा हात सैल सोडत नाहीत, हा एक. आणि नोकरी गेलेली, पंधरा-पंधरा वर्षं या धंद्यात काढलेली माणसं आता दोघा-तिघांचे स्टुडिओ काढून तुमच्याच शेजारी दुकान मांडून बसली आहेत, हा दुसरा. या दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

एवढ्या गर्दीत पहिला गेम हिट होईल या भरवशावर कुणी बसू नये. तिसरा गेम बनवेपर्यंत टिकता येईल, अशी सोय आधी करायची. पुढचं सगळं त्याच बेताने लिहिलं आहे.

आधी वही

कोड लिहायच्या आधी एक हिशेब मांडा. समजा गेमची किंमत १० डॉलर. पण दहा डॉलर दर प्रतीमागे कधीच मिळत नाहीत. भारत, ब्राझील, तुर्कस्तान अशा देशांत किंमत कमी ठेवावी लागते, युरोपातल्या किमतीत तिथला कर धरलेला असतो, आणि बरेच लोक सवलतीची वाट बघतात. सगळं जाऊन सरासरी ६ डॉलर धरा. हजार प्रती खपल्या तर ६,००० डॉलर. दहा टक्के लोकांनी पैसे परत मागितले असं समजा, उरले ५,४००. स्टीमचा वाटा ३० टक्के, उरले ३,७८०. विक्रीतला एक-तृतीयांश भाग अमेरिकेतला असेल तर त्यावर १५ टक्के कर तिथेच कापला जातो, साधारण १८९ डॉलर. हातात ३,५९१. डॉलर ८५ रुपये धरला तर तीन लाख पाच हजारांच्या जवळपास.

आणि हजार प्रती हे पहिल्या गेमसाठी चांगलं यश म्हणायचं.

आता या रकमेला महिन्यांनी भागा. आठ महिन्यांत गेम झाला तर महिन्याला अडतीस हजार. तीन वर्षं लागली तर साडेआठ हजारही नाहीत. त्यातून चित्रकाराचे, संगीताचे पैसे वजा करायचे ते वेगळेच.

इथे गोव्याचा फायदा आहे, आणि तो समुद्रकिनाऱ्याचा नाही. पणजी-पर्वरीकडची भाडी आता परवडण्यापलीकडे गेली आहेत. पण डिचोली, साखळी, फोंडा, पेडणे या बाजूला ज्याचं वडिलोपार्जित घर आहे, घरचा भात-हुमण आहे, त्याचा महिन्याचा खर्च बेंगळुरू-पुण्यात भाड्याने राहणाऱ्या डेव्हलपरच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. पब्लिशरने दिलेल्या आगाऊ रकमेइतकंच हे मोलाचं, आणि ते परत फेडावं लागत नाही. मात्र आईवडिलांना तोंडी आश्वासन देऊ नका, तारीख सांगा: अमुक महिन्यापर्यंत हे करणार, तोवर घरात एवढे पैसे देणार, नंतर नोकरी किंवा फ्रीलान्स काम बघणार. नोकरी असेल तर पहिला गेम नोकरी सांभाळून, रात्री आणि रविवारी करा. माझं मत विचाराल तर पहिल्या गेमसाठी राजीनामा देऊच नये.

गेम केवढा असावा

नव्या माणसाच्या डोक्यात बहुधा अख्खा गोवा असतो: किनारे, किल्ले, कार्निव्हल, मोटारसायकलवरून कुठेही फिरता येईल असा नकाशा. हे एकट्याचं काम नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला आणि भारतीय गेम जगात दिसू शकतो हे त्याने दाखवलं. पण त्यामागे पूर्ण टीम होती आणि काही वर्षांची मेहनत होती.

तुम्हाला हवा आहे एक निर्णय, जो खेळाडू पुन्हा पुन्हा घेईल आणि दर वेळी तो थोडा अवघड होत जाईल. एक उदाहरण घेऊ. आपल्याकडची खाजन शेती. शेत भरतीच्या पातळीखाली, भोवती बांध, बांधात मानस, म्हणजे दार असलेली मोरी. ओहोटीला मानशीचं दार उघडून आतलं पाणी नदीत जातं, भरतीला बंद होऊन खारं पाणी अडतं. भातवाल्याला खारं पाणी आत नको. मानशीवरच्या मासळीचा लिलाव घेतलेल्याला ते हवं, कारण पाण्याबरोबर मासळी येते. पावसात आतून गोडं पाणी चढतं, अमावास्या-पौर्णिमेला बाहेरून भरती चढते. खेळाडूच्या हातात एकच गोष्ट: दार केव्हा उघडायचं, किती वेळ.

एकच स्क्रीन, एकच दार, आणि दोन माणसं जी एकाच वेळी खूश होऊ शकत नाहीत. चित्रं थोडी लागतात. भरती-ओहोटीचं चक्र निसर्गानेच ठरवून दिलेलं, त्यामुळे ताण आपोआप तयार होतो. हंगाम बुडाला तर नवा हंगाम सुरू करायचा, म्हणजे पुन्हा खेळायला कारणही मिळतं. आणि पोलंडमधल्या खेळाडूला खाजन म्हणजे काय ते ठाऊक नसलं तरी पाच मिनिटांत कळतं. स्थानिक विषय घ्यावा तो असा, नियमांतच मुरलेला. मागच्या पडद्यावर चर्च, माड आणि फेणीची बाटली रंगवून गेम गोव्याचा होत नाही.

यानंतर स्टीमवर जाऊन असले गेम कोण घेतं ते बघा. खरेदीदार विषयावरून शोधत नाहीत, प्रकारावरून शोधतात: व्यवस्थापन, शेती, पत्त्यांचे डेक, भयकथा. आपल्या प्रकारातले गेल्या दोन वर्षांतले वीस गेम काढा, प्रत्येकाची किंमत आणि रिव्ह्यूंची संख्या वहीत उतरवा. गाजलेले पाचच बघून थांबू नका. ज्यांना जेमतेम आठ-दहा रिव्ह्यू मिळाले तेही बघा आणि त्यांचं कुठे चुकलं हे स्वतःच्या शब्दांत लिहा. या एका संध्याकाळच्या कामाने पुढचे सहा महिने वाचू शकतात.

इंजिन, वीज आणि जोडाक्षरं

इंजिन म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर: युनिटी, अनरियल, गोडो वगैरे. त्यावरून लोक तासन्‌तास भांडतात. फार वेळ घालवू नका, पण परवाना मात्र वाचा. युनिटीने १२ सप्टेंबर २०२३ ला प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क घ्यायचं जाहीर केलं होतं. जगभरातून विरोध झाला, आधी नियम सैल केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क पूर्ण रद्द केलं. रद्द झालं हे खरं, पण आपल्या धंद्याची चावी दुसऱ्याच्या खिशात असते हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. अनरियल प्रत्येक गेमच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत काही मागत नाही, त्यापुढे ५ टक्के. गोडो एमआयटी या मुक्त परवान्याखाली पूर्ण मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. मानशीसारख्या द्विमितीय गेमला मी गोडोच सुचवेन.

आणखी एक कारण, जे इंग्रजी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. गेममध्ये मराठी किंवा कोंकणी लिहायची असेल तर देवनागरी नीट उमटते का हे पहिल्याच दिवशी तपासा. युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं तुटतात. गोडो ४ मध्ये ही सोय मुळातच आहे. 'क्षितिज, विठ्ठल, दृष्टी, दऱ्या' एवढे चार शब्द स्क्रीनवर आणून बघा. 'दऱ्या'मधला ऱ्य बरोबर आला तर फॉन्टसुद्धा मराठीला चालणारा आहे असं समजा.

पावसाळ्यात वीज जाते, इंटरनेटही जातं. इन्व्हर्टर नसेल तर निदान राऊटरपुरता छोटा यूपीएस घ्या. गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन, शिका आणि रोज काम संपताना कोड बाहेरच्या सर्व्हरवर चढवा. लॅपटॉप दुरुस्तीला गेला म्हणून सगळा गेमच गेला, असं व्हायला नको.

अनोळखी माणसाच्या हातात द्या

सहा आठवड्यांत चौकोन-वर्तुळांचा, चित्रं नसलेला प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा पण चालता नमुना, तयार व्हायला हवा. तो मित्रांना दाखवू नका. मित्र 'बरा आसा रे' म्हणतात आणि चहा सांगतात.

फर्मागुढीचं इंजिनिअरिंग कॉलेज, झुआरीनगरचं बिट्स, ताळगावचं विद्यापीठ, तुमच्या गावातलं उच्च माध्यमिक, कुठेही ओळख काढा. कॉलेजच्या वार्षिक महोत्सवात एक टेबल मागा. लॅपटॉप ठेवा, मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. हे शेवटचं फार कठीण जातं. खेळाडू चुकीचं बटण दाबत असतो आणि आपल्या जिभेवर 'अहो, इकडे इकडे' येतं. बोललात तर चाचणी वाया गेली, कारण स्टीमवर विकत घेणाऱ्याच्या मागे तुम्ही उभे नसणार.

तीन गोष्टी टिपून ठेवा. पहिल्यांदा कुठे अडला, केव्हा मोबाईल काढला, आणि हरल्यावर न सांगता पुन्हा सुरू केला का. आवडला का, हे विचारूच नका. दहापैकी तिघा-चौघांनी आपणहून दुसरा डाव घेतला तर पुढे जा. एकानेही घेतला नाही तर नियम बदला, आणि दोनदा बदलूनही तेच झालं तर कल्पना सोडून द्या. सहा आठवड्यांचं काम सोडायला जड जात नाही, दोन वर्षांचं सुटत नाही.

स्टीमचं पान: गेमच्या आधी

बहुतेक जण गेम पूर्ण झाल्यावर स्टीमवर त्याचं विक्रीचं पान काढतात. उलट करा. प्रोटोटाइप टिकला आणि दाखवण्याजोगी चित्रं झाली की लगेच पान उघडा.

स्टीमवर्क्सवर, म्हणजे स्टीमच्या डेव्हलपरसाठीच्या साइटवर, खातं काढताना बँक खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव अक्षरशः एकच ठेवा. दर गेममागे १०० डॉलर शुल्क आहे. गेमची विक्री १,००० डॉलरपुढे गेली की ते परत मिळतं. शुल्क भरल्यापासून ३० दिवस गेम रिलीज करता येत नाही, आणि 'लवकरच येत आहे' हे पान निदान दोन आठवडे तरी उघडं असावं लागतं. पान आणि गेम दोन्ही स्टीमची माणसं तपासतात, त्याला काही दिवस जातात. पण हे किमान नियम झाले. पान किमान सहा महिने तरी उघडं हवं, कारण तेवढा वेळ लोक विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, गेम टाकत राहतात आणि रिलीजच्या दिवशी स्टीम त्या सगळ्यांना ईमेल पाठवतं. या क्षेत्रातले लोक ढोबळ अंदाज देतात की सातेक हजार विशलिस्ट झाल्या की स्टीमच्या पहिल्या पानावरच्या 'लोकप्रिय आगामी' यादीत यायची शक्यता तयार होते. पहिल्या गेमला हा आकडा गाठता आला नाही म्हणून खचू नका, पण मोजत राहा.

पानावर पैसे खर्च करायचे तर फक्त मुखचित्रावर, ज्याला स्टीमवाले कॅप्सूल म्हणतात. अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात ते ओळखू आलं पाहिजे. ट्रेलरमध्ये पहिल्या पाच सेकंदांत खेळ दिसला पाहिजे; सूर्योदय, लोगो, स्टुडिओचं नाव हे सगळं शेवटी. एआयने बनवलेली चित्रं किंवा मजकूर वापरला असेल तर जानेवारी २०२४ पासून ते स्टीमला जाहीर करावं लागतं आणि ते पानावर दिसतं. मी म्हणेन, आपल्याकडे कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली गुणी मुलं कमी नाहीत. त्यांना योग्य पैसे द्या आणि चित्रांचे हक्क लेखी घ्या.

मग डेमो, म्हणजे गेमचा फुकट खेळता येणारा तुकडा. स्टीम नेक्स्ट फेस्ट हा आगामी गेमच्या डेमोंचा ऑनलाइन महोत्सव फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये होतो आणि एका गेमला त्यात आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. म्हणून घाईने पहिला फेस्ट पकडू नका. डेमो आधीच काही आठवडे स्टीमवर टाका, लोकांना खेळू द्या, दोष काढा, आणि रिलीजच्या आधी येणारा शेवटचा फेस्ट निवडा.

पैसे, कर आणि कॅसिनो

गोव्यात 'गेमिंगचा धंदा' म्हटलं की बँकेच्या काउंटरपलीकडच्या माणसाला मांडवीतली कॅसिनोची जहाजं दिसतात. विनोद सोडा, पण अर्जांवर व्यवसायाचं वर्णन 'सॉफ्टवेअर विकास व प्रकाशन' असंच लिहा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. एकदा किंमत देऊन विकत घ्यायचा, आत पैसे लावायचे नाहीत आणि जिंकून रोकड मिळायची नाही, असा तुमचा गेम त्यात मोडत नाही. त्यामुळे 'स्पर्धा जिंका, पैसे मिळवा' असलं काही त्यात घालण्याचा मोह टाळा.

स्टीमच्या कर-मुलाखतीत, म्हणजे कराबद्दलच्या ऑनलाइन प्रश्नावलीत, परदेशी करदाता क्रमांक म्हणून पॅन द्या आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. तो मागितला नाही तर अमेरिकी विक्रीवर १५ ऐवजी ३० टक्के कापले जातात. तिथे कापलेल्या कराचं श्रेय इथल्या विवरणपत्रात मागता येतं, ते कागद जपून ठेवा. प्रत्येक रकमेची परकीय चलन आल्याची पावती बँकेकडून मागून घ्या. सेवांची निर्यात जीएसटीत शून्य दराची असते, पण नोंदणी असेल तर एलयूटी हे हमीपत्र भरावं लागतं. सेवांसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वीस लाखांची आहे. यासाठी सीए गाठा, पण किराणा आणि हॉटेलं बघणारा नको. सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या एखाद्या माणसाचा सीए शोधा.

दोघे मित्र मिळून करत असाल तर भागीदारीचा करार पहिल्या महिन्यातच लिहा: कुणाचा किती वाटा, आणि एकाने मध्येच सोडलं तर कोड आणि चित्रं कुणाची. मैत्री आहे म्हणून लिहीत नाही, असं सांगणारेच पुढे बोलायचे थांबतात.

बाहेरचा पैसा हवा असेल तर वेर्ण्याचं सीबा आणि फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को कॉलेजातलं फायर ही नव्या उद्योगांना हात देणारी इन्क्युबेशन केंद्रं आहेत. राज्याचं स्टार्टअप धोरणही आहे. देशपातळीवर गेम कंपनी क्राफ्टनचा इन्क्युबेटर आणि सोनीचा इंडिया हीरो प्रोजेक्ट हे गेम बनवणाऱ्यांसाठीचे उपक्रम आहेत. त्यांच्या अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या वेळी ताज्या वाचा. सगळीकडे एकच गोष्ट लागते: चालता प्रोटोटाइप. कल्पनेच्या कागदाला आज कुणी पैसे देत नाही.

पब्लिशरचा करार आला तर तीन कलमं शोधा. त्यांचा कुठकुठला खर्च तुमच्या विक्रीतून आधी वसूल होणार, गेमचे मूळ हक्क कुणाकडे राहणार, आणि पब्लिशर बंद पडला तर हक्क परत येणार का. शेवटचं कलम पूर्वी लोक वाचतही नसत. जुलै २०२४ मध्ये हंबल गेम्स या पब्लिशरकडे मोठी कपात झाली आणि सप्टेंबरमध्ये अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह या दुसऱ्या पब्लिशरच्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी एकदम राजीनामे दिले. त्यानंतर सगळे वाचतात.

मोबाईलबद्दल थोडंच. गुगल प्लेवर नोंदणी २५ डॉलर आणि एकदाच, पण नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांकडून १४ दिवस मर्यादित लोकांपुरती चाचणी (क्लोज्ड टेस्ट) करून घ्यावी लागते. तिथे फुकट गेम आणि जाहिरातींचं राज्य आहे. जाहिरातीवर ओतायला पैसा नसेल तर पहिल्या गेमसाठी तिकडे जाऊ नका.

रिलीजचा आठवडा

तारीख ठरवताना तीन गोष्टी बघा. स्टीमचा उन्हाळी आणि हिवाळी सेल टाळा. तुमच्या प्रकारातला मोठा गेम त्याच आठवड्यात नाही ना, ते तपासा. आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, टाळा, कारण पहिले सात दिवस तुम्ही दोष दुरुस्त करत बसलेले असणार आणि घरात गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला माणूस हवा असेल.

स्टीमचा दिवस सकाळी दहाला, पॅसिफिक म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने बदलतो. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा असतात, हिवाळ्यात साडेअकरा. दुपारी झोप काढा, मोबाईलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. रिलीजची सवलत १० ते १५ टक्के पुरे. ती संपल्यावर तीस दिवस दुसरी सवलत देता येत नाही.

पहिले दहा रिव्ह्यू मिळेपर्यंत स्टीम तुमच्या गेमला एकूण शेरा दाखवत नाही. म्हणून डेमो खेळलेल्या, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर असलेल्या लोकांना विकत घेऊन खरं मत लिहायची विनंती करा. फुकट दिलेल्या प्रतींचे रिव्ह्यू त्यात मोजले जात नाहीत. चुलत भावाकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेऊ नका, ते पकडले जातात. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर खेळाडूला पैसे परत मिळतात. त्यामुळे गेम दीड तासात संपणारा असेल तर किंमत तशी कमी ठेवा, आणि पहिला अर्धा तास सगळ्यांत जास्त घासूनपुसून घ्या. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायचं तर दोष दुरुस्त करून मग द्या, एका ओळीत, वाद न घालता.

तीन महिन्यांनी पहिली मोठी सवलत. ती २० टक्के किंवा जास्त असेल तरच स्टीम विशलिस्टवाल्यांना ईमेल करतं. तोवर पुढच्या गेमचा प्रोटोटाइप सुरू झालेला हवा. पैशांचं म्हणाल तर एका महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या अखेरीस निघते, आणि जमा रक्कम १०० डॉलरपेक्षा कमी असेल तर ती पुढे ढकलली जाते. मार्चच्या दहा तारखेला गेम आला तर बँकेत पैसे दिसेपर्यंत मे उजाडतो, तेवढ्या दोन महिन्यांचा घरखर्च वहीच्या पहिल्याच पानावर वेगळा लिहून ठेवा.